तिप्पट नेमकं काय झालं? पावसावरचा शोधनिबंध मराठीत आणताना

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात मध्य भारतातल्या पावसावर एक शोधनिबंध आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले, म्हणजे आयआयटीएममधले, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. तो मराठीत येईपर्यंत ‘पाऊस तिप्पट झाला’ असा होऊन बसतो, आणि मग ज्याच्या शेतात तीन आठवडे थेंब नाही तो विचारतो, ‘कुठे झाला?’ त्याचं बरोबरच असतं. चूक वाक्याची असते.

हवामानावरचं संशोधन वर्तमानपत्रातला लेख, गावातली सभा आणि व्हॉट्सॲपवरचं चित्र अशा तीन रूपांत मराठीत आणण्याचं काम आम्ही करतो. एका निबंधामागे साधारण आठ ते दहा दिवस जातात. त्यातला लिहिण्याचा वेळ दोन दिवसांचा, बाकी सगळा वाचण्याचा, शब्द ठरवण्याचा आणि तपासून घेण्याचा. ते कसं होतं आणि कुठे फसतं, ते हाच निबंध धरून सांगतो.

हाती घेण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, तज्ज्ञांची समीक्षा झाली आहे का. झाली नसेल तर ‘हा समीक्षेआधीचा मसुदा आहे’ हे लेखाच्या पहिल्या तीन वाक्यांत यायला हवं. तळटीप म्हणून शेवटी ठेवलं, तर जागा कमी पडल्यावर आधी तीच कापली जाते. दुसरी, चित्रं वापरण्याचा परवाना. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ खुलं नियतकालिक आहे, त्यामुळे श्रेय देऊन नकाशे वापरता येतात. त्यावर मराठी नावं घातली, रंग बदलले, तर तसा बदल केल्याचं लिहावं लागतं.

या नियतकालिकात अभ्यासाच्या पद्धतीचा भाग निबंधाच्या शेवटी असतो. आम्ही वाचायला तिथूनच सुरुवात करतो. सारांश आणि संस्थेचं प्रसिद्धीपत्रक आधी वाचलं की डोक्यात मथळा तयार होतो, आणि पुढचं वाचन त्या मथळ्याच्या सोयीने होतं. पद्धतीतून एका कागदावर पाच उत्तरं उतरवायची: काय मोजलं, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, कशाने, आणि कशाच्या तुलनेत. इथे उत्तरं अशी येतात. एका दिवसात १५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, म्हणजे टोकाचा पाऊस. जागा मध्य भारताचा पट्टा, ज्यात महाराष्ट्राचाही भाग येतो. ऋतू नैर्ऋत्य मोसमी पावसाचा, काळ १९५० ते २०१५. मोजमाप भारतीय हवामान विभागाच्या पर्जन्यमापकांवरून केलेल्या चौकोनी नोंदींचं. तुलना याच काळाच्या सुरुवातीची शेवटाशी.

हे चौकोन समजून घेण्यात एक संध्याकाळ घालवावी, ती वाया जात नाही. नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या रेघांनी आखलेला पाव अंशाचा एक चौकोन आपल्या अक्षांशावर साधारण सत्तावीस किलोमीटर लांब-रुंद भरतो, म्हणजे सातशे चौरस किलोमीटरहून जास्त. त्यात एखादा अख्खा तालुका मावतो. त्या सगळ्या क्षेत्राला दिवसाचा एकच आकडा मिळतो. म्हणून अशा नकाशावरून प्रदेशाचा कल सांगता येतो, शिवाराचा सांगता येत नाही. हे वाक्य लेखातही जातं आणि सभेतही बोललं जातं.

‘दिवस’ या शब्दाचंही तसंच. पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस हा २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. गावात एखाद्याने वहीत पाऊस लिहून ठेवलेला असतो, तो मध्यरात्री तारीख बदलतो, आणि सरकारी आकड्याशी जुळत नाही म्हणून सरकारी आकडा खोटा ठरतो. साडेआठची गोष्ट आधीच सांगितली की दोन्ही वह्या शेजारी ठेवून बोलता येतं.

मग पहिलं वाक्य. सगळा लेख याच वाक्यावर उभा राहतो, म्हणून त्याचे तीन खर्डे इथे देतो.

पहिला खर्डा: ‘मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रमाण तिप्पट झाले आहे.’ दिसायला सरळ, पण तीन ठिकाणी फसलेला. महाराष्ट्रात ‘अतिवृष्टी’ हा महसुली शब्द आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि त्यावर पंचनामा, त्यावर मदत. निबंधातली रेघ १५० ची आहे. एकाच शब्दात दोन रेघा घातल्या की वाचक आपल्या सातबाऱ्याच्या बाजूने वाचतो. ‘प्रमाण’ म्हणजे पाण्याचं की घटनांच्या संख्येचं, ते कळत नाही. आणि ‘झाले आहे’ म्हटलं की कालपरवा झाल्यासारखं वाटतं.

दुसरा खर्डा: ‘१९५० ते २०१५ या कालावधीत मध्य भारतातील व्यापक टोकाच्या पर्जन्यघटनांमध्ये तिपटीने वाढ झाली.’ हा शास्त्रज्ञांना आवडतो. वाचक ‘पर्जन्यघटनांमध्ये’पाशी थांबतो. शिवाय ‘तिपटीने वाढ’ हा प्रयोग दुहेरी अर्थाचा आहे. दहाच्या तीस झाल्या, की दहात तीस मिळवून चाळीस झाल्या? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. ‘तिप्पट झाल्या’ म्हटलं की एकच निघतो.

तिसरा, जो छापायला दिला: ‘एका दिवसात १५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, आणि तोही मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी, अशा घटना मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटत गेला.’

यातलं दुसरं वाक्य कापायला सगळे टपलेले असतात, कारण ते पहिल्याच्या विरोधात जातंय असं वाटतं. आमचा जीव त्याच वाक्यात अडकलेला असतो. कमी दिवसांत जास्त पाऊस आणि मध्ये लांबलेला खंड, हा बदल त्या दोन वाक्यांच्या जोडीतच दिसतो. २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या निबंधातही हीच जोडी होती. १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात १०० मिलिमीटरच्या वरचे दिवस वाढले, मध्यम पावसाचे दिवस कमी झाले आणि ऋतूच्या सरासरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नुसती सरासरी बघणाऱ्याला तिथे काहीच घडलेलं दिसलं नसतं.

कारण सांगताना अशीच एक कडी गळते. ‘अरबी समुद्र तापला म्हणून पाऊस वाढला’ असं लिहिणं सोपं, पण मग एकूण पाऊस का वाढला नाही, याचं उत्तर उरत नाही. निबंधाचं म्हणणं असं आहे की अरबी समुद्रावरून येणाऱ्या खालच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांमधले चढउतार वाढले आहेत. ऋतूभर वारा सरासरीने जोरदार झालेला नाही. अधूनमधून त्याला उधाण येतं, ते तापलेल्या समुद्रावरची वाफ घेऊन आत घुसतं, आणि दोनतीन दिवस मध्य भारतात पाऊस कोसळतो. उधाणाची ही मधली कडी ठेवायला दोन ओळी जास्त लागतात, त्या द्याव्यात.

शब्दांबाबत मराठीत काही ठरलेले खड्डे आहेत. सगळ्यात मोठा खड्डा ‘हवामान’. इंग्रजीत ज्याला वेदर म्हणतात तेही हवामान आणि क्लायमेट म्हणतात तेही हवामानच. ‘आजचे हवामान’ आणि ‘हवामान बदल’ एकाच पानावर येतात, आणि सकाळी ऊन, दुपारी पाऊस झाला की लोक म्हणतात, बघा, हवामान बदल. आम्ही लेखात पहिल्यांदा तो शब्द आला की ‘तीस वर्षांच्या सरासरीतला बदल’ असं उघड लिहितो, आणि रोजच्यासाठी ‘आजचा पाऊस’, ‘आजचं ऊन’ असं नाव घेऊन बोलतो.

‘पॉझिटिव्ह ट्रेंड’चं ‘सकारात्मक कल’ करणं हा दुसरा. टोकाच्या पावसात सकारात्मक कल दिसला, असं वाचून माणूस खूश होईल. ‘वाढता कल’ म्हणावं. ‘ॲनोमली’ला ‘विसंगती’ म्हटलं की नोंदीत काहीतरी घोटाळा आहे असा वास येतो. ‘सरासरीपेक्षा इतका जास्त’ किंवा ‘इतका कमी’ हे पुरतं. ‘सिग्निफिकंट’चं ‘महत्त्वपूर्ण’ करू नये. त्याचा अर्थ, खरोखर कल नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता फार थोडी आहे, बहुतेकदा शंभरात पाचाहून कमी. एवढं लांब लिहायचं नसेल तर ‘योगायोगाने दिसावा असा हा फरक नाही’ म्हणावं.

‘ढगफुटी’ तर बातम्यांत दर पावसाळ्यात दहा ठिकाणी होते. हवामान विभागाच्या लेखी साधारण वीस ते तीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ती ढगफुटी. दिवसभराचा १५० मिलिमीटर पाऊस मोठाच, पण तो बारा तासांत विभागून आला असेल तर ती ढगफुटी नव्हे. आणि ‘सर्वसाधारण पाऊस’ हा शब्द फार दिलासा देतो. देशाच्या पावसाळ्याची १९७१ ते २०२० ची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की तो सर्वसाधारण. त्यात जुलैमधला पंधरा दिवसांचा खंड आणि ऑगस्टमधले तीन धुवांधार दिवस दोन्ही मावतात.

उलट आपल्याकडे काही शब्द असे आहेत की शोधनिबंधाला हेवा वाटावा. भीज पाऊस, झड, वळीव, उघडीप, खंड, वाफसा. मध्यम पावसाचे दिवस कमी झाले म्हणजे काय, हे ‘भीज पाऊस कमी झाला’ एवढ्या चार शब्दांत शेतकऱ्याला कळतं. मोठ्या पावसानंतर काळ्या रानाला वाफसा यायला किती दिवस जातात, तेवढे दिवस कोळपणी नाही, फवारणी नाही. निबंधात हे नसतं. त्यामुळे हे वाक्य आम्ही निष्कर्ष म्हणून लिहीत नाही, ‘शेतावर याचा अर्थ असा’ म्हणून वेगळ्या परिच्छेदात ठेवतो. संशोधनाचं वाक्य कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, ही रेघ दिसलीच पाहिजे.

मिलिमीटर हे माप बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येत नाही. सभेत त्यासाठी आम्ही एक प्रयोग करतो. जमिनीवर खडूने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, चारही कडा लाकडी पट्ट्यांनी उचलून धरायच्या आणि एक लिटरची बाटली आत ओतायची. जागा सपाट असेल तर पाणी एक मिलिमीटर चढतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, हे लोक स्वतः पाहतात. पुढचा हिशोब सभेतच होतो. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, त्यावर १५० मिलिमीटर म्हणजे १५ हजार लिटर. एकरावर सहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे साठ टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा आकडा ऐकल्यावर क्षणभर कुणी बोलत नाही, आणि मग पाणी कुठे अडवायचं यावर सगळे एकदम बोलायला लागतात.

हा प्रयोग दोन कारणांनी फसतो. जमीन उतरती असली की पाणी एका कोपऱ्यात जातं, म्हणून आधी पाणसळ किंवा मोबाइलमधली पातळी लावून बघायची. आणि घरी पाऊस मोजायला लोक बादली ठेवतात. बादली वर रुंद, खाली अरुंद असते, त्यामुळे पट्टीने मोजलेली उंची खऱ्या पावसापेक्षा जास्त भरते. सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा घ्यावा, झाडापासून आणि पन्हाळीपासून लांब, उघड्यावर ठेवावा.

चित्राबद्दल थोडक्यात. निबंधातला आलेख जसाच्या तसा छापू नये. त्यात चार उपचित्रं असतात, वाचकाला एक लागतं. आतलं पान काळं-पांढरं असेल तर लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या रंगात छापून येतात, म्हणून फिक्यापासून गडदपर्यंत एकच रंग घ्यावा. व्हॉट्सॲपवर चित्राखालचा मजकूर गळून नुसतं चित्र पुढे जातं. काळ, प्रदेश, १५० ची रेघ आणि निबंधाचं नाव हे चौघं चित्राच्या आतच, आकड्याला चिकटून हवेत. कडेला ठेवले तर कुणीतरी कापतोच.

मसुदा दोघांकडे जातो. संशोधकाकडे आम्ही ओळींना क्रमांक घालून पाठवतो आणि विचारतो की कुठलं वाक्य चुकीचं आहे. ‘कसं वाटलं’ विचारलं तर शैलीची दुरुस्ती येते आणि प्रत्येक वाक्याला ‘काही अंशी’, ‘सर्वसाधारणपणे’ अशी शेपटं लागतात. ती सगळी टाकूनही चालत नाही. शेपूट काढल्यावर वाचक आपल्या गावाबद्दल वेगळाच निष्कर्ष काढेल का, हे बघतो. काढणार असेल तर शेपूट राहतं. शासकीय संस्थेत संशोधकाला बोलण्याआधी वरिष्ठांची परवानगी लागू शकते, त्यासाठी चारपाच दिवस हाताशी ठेवावेत. दुसरी प्रत विषयाशी संबंध नसलेल्या वाचकाकडे. त्याला ‘समजलं का’ विचारू नये, सगळे हो म्हणतात. लेख उलटा ठेवून ‘आता मला सांगा’ म्हणावं. तो ‘पाऊस वाढलाय’ म्हणाला तर लेख परत लिहायचा.

मथळा संपादक देतात, त्यांच्याकडे जागा आणि वेळ दोन्ही कमी. म्हणून लेखासोबत पाचसहा शब्दांचे तीन मथळे तयार पाठवतो. ‘एकूण पाऊस घटला, कोसळणारा वाढला’ यासारखा. तयार मथळा असला की तो बहुतेकदा लागतो.

लेख एप्रिल-मेमध्ये आलेला बरा, पेरणीच्या आधी. पूर आलेल्या दिवशी मात्र फोन येतोच: ‘हे हवामान बदलामुळेच ना?’ तिथे हो किंवा नाही म्हणण्याचा मोह टाळावा लागतो. अशा घटनांची संख्या वाढल्याचं दाखवणारं संशोधन आहे. आजच्या पावसात त्याचा वाटा किती, ते या घटनेचा वेगळा अभ्यास झाल्यावरच सांगता येतं. आणि पूर पावसाबरोबरच नाला बुजवल्याने, धरणाच्या विसर्गाने, पूररेषेतल्या बांधकामानेही येतो. हे तीन वाक्यांत बोलून फोन ठेवायचा. चौथं वाक्य बोललं तर छापून तेच येतं.

गावातली सभा संध्याकाळी, डेअरीला दूध घालून झाल्यावर. आम्ही पंधरा मिनिटं बोलतो, अर्धा तास प्रश्नांना. ‘मग आम्ही काय करायचं?’ हा प्रश्न पहिल्या पाचात असतो, आणि त्याचं उत्तर या निबंधात नाही, हे स्पष्ट सांगायचं. म्हणूनच एकटं जाऊ नये. कृषी विज्ञान केंद्रातलं कुणी सोबत असलं की सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेतलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि खंडात ओल टिकते, हे नीट समजावलं जातं. मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला कुठे मिळतो, विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप कसं बघायचं, हवामान विभागाच्या इशाऱ्यांच्या रंगांत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा, हेही त्याच सभेत होतं.

प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. बऱ्याच सभांत कुणीतरी विचारतं, ‘दीडशे मिलिमीटर दिवसभरात की दोन तासांत? माझा बांध दोन तासांच्या पावसाने फुटला.’ रोजच्या नोंदीत तास दिसत नाहीत. तासातासाच्या नोंदी देणारी स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत बसली, ती अलीकडची, त्यामुळे साठपासष्ट वर्षांचा कल त्यातून काढता येत नाही. बांध कुठल्या मंडळात फुटला, कुठल्या तारखेला, पाऊस किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला, एवढं त्या प्रश्नाखाली लिहून घेतो. लेखाच्या छापील प्रतीसोबत तो कागद संशोधकाकडे परत जातो.